‘मोमेंट्स नोटिस’मधील कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन सोलो: तो खरोखर मागे पडतो का?

प्रश्न असा आहे. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या अल्बममधील ‘मोमेंट्स नोटिस’ या रचनेत कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन थांबताच कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन सोलो, म्हणजे त्याने एकट्याने पुढे येऊन वाजवायचा भाग, सुरू होतो आणि तो ऐकताना वादक मागे पडतो आहे असे वाटते. हे वाद्याचे दुबळेपण आहे, वादकाचे, की ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचे? आणि ट्रॉम्बोन शिकणाऱ्याने हा सोलो बसवावा, की आधी जे. जे. जॉन्सन या दुसऱ्या ट्रॉम्बोनवादकाकडे वळावे?

पहिल्या भागाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. फुलर मागे पडलेला नाही. कोल्ट्रेनच्या सोलोने कानाला एका ठोक्यात दोन स्वरांच्या अखंड ओळींची सवय लागलेली असते आणि आपण तेच माप पुढच्या वाद्याला लावतो. ट्रॉम्बोनला बोटांनी दाबायच्या कळा नाहीत. त्याचा स्वर हाताने सरकवायच्या नळीतून आणि ओठांच्या ताणातून घडतो, त्यामुळे त्याच कॉर्डमधून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतून) जाण्याची त्याची वाट मुळातच वेगळी असते. या रचनेत ती वाट काही ठिकाणी सॅक्सोफोनपेक्षाही सोपी आहे, तर काही ठिकाणी फार अवघड आहे. हा सोलो समजून घ्यायचा तर ती सोपी आणि अवघड ठिकाणे कोणती हे आधी कळले पाहिजे, आणि म्हणूनच मी या उत्तराचा मोठा भाग त्यावर खर्च करणार आहे.

त्याआधी रेकॉर्डिंगविषयी थोडे. हा अल्बम 15 सप्टेंबर 1957 रोजी न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात, ब्लू नोट या कंपनीसाठी रेकॉर्ड झाला. वादक सहाच होते: टेनरवर कोल्ट्रेन, ट्रम्पेटवर ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर फुलर, पियानोवर केनी ड्र्यू, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स. मॉर्गन तेव्हा अवघा 19 वर्षांचा होता. फुलर त्याच वर्षी डेट्रॉइटहून न्यूयॉर्कला आला होता आणि आल्या आल्या त्याच्यामागे रेकॉर्डिंगची रीघ लागली होती. ऑगस्टमध्ये तो पियानोवादक बड पॉवेलबरोबर आणि 1 सप्टेंबरला पियानोवादक सनी क्लार्कच्या ‘सनीज क्रिब’ या अल्बमसाठी वाजवून गेला होता, आणि त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्येही टेनरवर कोल्ट्रेनच होता. म्हणजे ‘ब्लू ट्रेन’च्या दिवशी फुलर नवखा नव्हता, कोल्ट्रेनच्या शेजारी उभे राहून वाजवणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. रचनेच्या नावाशीही त्याचा संबंध आहे. इतके अवघड संगीत आयत्या वेळी हातात देऊन वाजवायला लावतात, अशा अर्थाचे त्याचे उद्गार कोल्ट्रेनने उचलले आणि तेच नाव झाले, असे फुलरने पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

तक्रार रास्त होती. या रचनेचे एक आवर्तन 38 बारांचे आहे (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा गट), म्हणजे जॅझमध्ये रुळलेल्या 32 बारांच्या साच्यात ते बसत नाही. शेवटी बास बी फ्लॅट या एकाच स्वरावर खिळून राहतो आणि त्याच्यावर कॉर्ड पायऱ्यांसारखे चढतात-उतरतात, तो भाग जादा आहे. लय मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वर आहे आणि बऱ्याच बारांत दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलतो. म्हणजे एका कॉर्डच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद येतो. सुरुवातच पाहा (ई, ए, एफ ही पाश्चात्त्य स्वरांची नावे, ‘फ्लॅट’ म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेला, ‘शार्प’ म्हणजे चढलेला, आणि ‘मायनर सेव्हन’, ‘सेव्हन’, ‘मेजर’ हे त्या स्वरावर उभ्या असलेल्या कॉर्डचे प्रकार): ई मायनर सेव्हन, ए सेव्हन, लगेच अर्धा स्वर वर सरकून एफ मायनर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, आणि मग ई फ्लॅट मेजरवर विसावा. पहिले दोन कॉर्ड ऐकणाऱ्याला डी मेजरकडे नेऊ पाहतात, पण तिथे पोचायच्या आत जमीनच अर्ध्या स्वराने वर उचलली जाते. पुढे डी मायनरवरून ई फ्लॅट मायनरवर आणि तिथून डी फ्लॅट मेजरवर जाताना हाच खेळ एक स्वर खाली पुन्हा येतो. सॅक्सोफोन किंवा पियानोवर हे अर्ध्या स्वराचे सरकणे त्रासाचे असते, कारण बोटांचा सगळा आकार बदलतो. ज्या कळा एका कॉर्डला लागतात त्यातल्या फार थोड्या पुढच्याला उपयोगी पडतात.

ट्रॉम्बोनवर काय होते? टेनर ट्रॉम्बोनच्या स्लाइडला सात पोझिशन असतात. पहिल्या पोझिशनला नळी पूर्ण आत असते आणि प्रत्येक पुढच्या पोझिशनला सगळे स्वर अर्ध्या स्वराने खाली येतात. पहिल्या दोन पोझिशनमधले अंतर सुमारे 8 सेंटिमीटर आहे, पुढे ते वाढत जाते आणि सहावी ते सातवी जाताना 10 सेंटिमीटरहून अधिक होते. एकूण पल्ला अर्ध्या मीटरच्या वर जातो. प्रत्येक पोझिशनमध्ये, हात न हलवता, फक्त ओठ आवळून किंवा सैल करून स्वरांची एक ठरावीक शिडी मिळते. तिसऱ्या पोझिशनमध्ये ही शिडी मधल्या पट्टीत ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट अशी चढते. चौथ्या पोझिशनमध्ये जी, बी, डी अशी.

आता ई मायनर सेव्हनचे चार स्वर घ्या: ई, जी, बी, डी. ई दुसऱ्या पोझिशनला मिळतो आणि उरलेले तीनही चौथ्या पोझिशनला, हात न हलवता. एफ मायनर सेव्हनचे स्वर आहेत एफ, ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट. एफ पहिल्या पोझिशनला आणि उरलेले तीनही तिसऱ्याला. म्हणजे सॅक्सोफोनवादकाची झोप उडवणारे हे अर्ध्या स्वराचे सरकणे ट्रॉम्बोनवर तोच आकार एक पोझिशन आत ओढण्याइतके सरळ आहे. त्यातही एक बारीक सोय आहे. एफवरून ए फ्लॅटवर चढताना स्वर वर जातो पण हात बाहेर जातो, आणि असे उलट दिशेने जाताना स्वर घसरत न जाता आपोआप स्वच्छ तुटतो; जिभेने ठोका न देताही दोन स्वर वेगळे ऐकू येतात. पुढचे सी आणि ई फ्लॅट केवळ ओठांवर. शिकवताना मी हा आकार विद्यार्थ्याला आधी वाद्य तोंडाला न लावता, नुसता हात हलवून दाखवायला सांगतो: दोन-चार, एक-तीन. एकदा हाताला तो कळला की या रचनेची निम्मी भीती जाते.

याच आकाराने ई फ्लॅट मायनर सेव्हन तिसरी-पाचवी आणि डी मायनर सेव्हन चौथी-सहावी या पोझिशनमध्ये मिळतो. तत्त्वतः चारही मायनर कॉर्ड एकाच साच्यातले झाले. पण इथे सोपेपणा संपतो. सहावी पोझिशन हात जवळजवळ पूर्ण लांबवल्यावर येते आणि तिथून पुढच्या जी सेव्हनसाठी अर्ध्या सेकंदात परत येणे, तेही सुरात, ही मोठी जोखीम आहे. म्हणून बहुतेक वादक डी मायनरसाठी साचा सोडून एफ पहिल्या, ए दुसऱ्या आणि सी तिसऱ्या पोझिशनला घेतात. हात छोट्या टप्प्यांनी चालतो, पण आता प्रत्येक स्वरासाठी तो हलवावा लागतो आणि प्रत्येक स्वराला जिभेचा नेमका स्पर्श द्यावा लागतो, नाहीतर मधली घसरण ऐकू येते. एका कॉर्डला साचा, दुसऱ्याला तोडगा, आणि हा निर्णय दर दोन ठोक्यांना: ट्रॉम्बोनवर या रचनेची खरी अवघड बाजू ही आहे. ती स्वरलिपीत दिसत नाही.

दुसरी अवघड जागा सुरेलपणाची आहे. ए सेव्हन हा कॉर्ड दुसऱ्या पोझिशनच्या शिडीत अख्खा दडलेला आहे: ए, सी शार्प, ई, जी. मात्र शिडीतला तळापासून सातवा स्वर, इथे जी, निसर्गतः बराच उतरलेला असतो, म्हणून वरचा जी घेताना स्लाइड किंचित आत ओढून तो चढवावा लागतो. आता तोच आकार बी फ्लॅट सेव्हनसाठी पहिल्या पोझिशनला नेऊन पाहा. बी फ्लॅट, डी, एफ ठीक येतात, पण ए फ्लॅट उतरतो आणि नळी आधीच पूर्ण आत असल्याने तो चढवायला जागाच उरत नाही. तो स्वर तिसऱ्या पोझिशनलाच घ्यावा लागतो. जो साचा आधीच्या बारात चालला तो या बारात दगा देतो. रचना पहिल्यांदा वाचणारा ट्रॉम्बोनवादक हमखास इथे अडखळतो. तेव्हा ज्या वादकाने 1957 साली थोड्याशा तालमीवर, टेप फिरत असताना हे पार पाडले, त्याच्याबद्दल ‘मागे पडला’ हा शब्द वापरण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष कोणता स्वर फुलरने कोणत्या पोझिशनला घेतला हे रेकॉर्डिंग सांगत नाही. पण त्याची वाक्ये कुठे सुरू होतात, कुठे थांबतात आणि कुठे तो श्वास घेतो हे स्पष्ट ऐकू येते, आणि त्यात एक सुसंगती आहे. कोल्ट्रेन कॉर्डच्या सीमा पुसून टाकत सलग पुढे जातो. प्रत्येक कॉर्डची दखल घेतल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. फुलर निवड करतो. काही कॉर्डवर तो ठामपणे बोलतो, काही कॉर्ड तो पियानो आणि बासवर सोपवून जाऊ देतो आणि विसाव्याच्या कॉर्डवर येताना वाक्य नीट मिटवतो. त्याचा उच्चार गोल आणि ठळक आहे, स्वराची सुरुवात मऊ असली तरी ती जागच्या जागी पडते. मधल्या मोकळ्या जागांत केनी ड्र्यूचे कॉर्ड आणि फिली जो जोन्सचे स्नेअर या ड्रमवरचे टोले पुढे येतात. टेनरच्या सोलोत हेच दोघे मागे दबलेले असतात. सहा जणांच्या गटात सोलो म्हणजे एकट्याचे भाषण नसते आणि फुलरच्या सोलोत तो गट सर्वांत चांगला ऐकू येतो, असे माझे मत आहे. पॉल चेंबर्सचा बास नीट ऐकायचा असेल तर मी याच भागाकडे बोट दाखवीन.

सोलोच्या क्रमाचाही परिणाम होतो. शीर्षक रचनेत, म्हणजे ‘ब्लू ट्रेन’मध्ये, कोल्ट्रेननंतर मॉर्गन येतो आणि फुलर त्याच्या मागून, तिथे ट्रम्पेटच्या झगमगाटानंतर ट्रॉम्बोनचा खालचा, उबदार आवाज सुखावतो आणि कुणी त्याला संथ म्हणत नाही. शिवाय ती 12 बारांची ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक साधा, रुळलेला साचा, आहे, कॉर्ड मोजके आहेत आणि फुलरला ऐसपैस बसायला जागा मिळते. ‘मोमेंट्स नोटिस’मध्ये तो थेट कोल्ट्रेनच्या पाठीवर येतो. ज्यांना शंका आहे त्यांनी हे दोन सोलो एकापाठोपाठ ऐकावेत. वादक तोच, दिवस तोच, मायक्रोफोन तोच. बदलली आहे ती रचना आणि रांगेतली जागा.

हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याची आणखी एक अपेक्षा असते, ती म्हणजे मींड. सरकती नळी दिसली की आपल्याला वाटते, हे वाद्य मींडेसाठीच जन्मले आहे. जुन्या न्यू ऑर्लीन्स पद्धतीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन खरोखरच तसा वाजे. स्वरावरून स्वरावर घसरत जाणे हीच त्याची ओळख होती. 1940 च्या दशकात बीबॉप ही जलद, गुंतागुंतीची जॅझशैली आल्यावर हे बदलले, आणि बदलणाऱ्यांत जे. जे. जॉन्सन अग्रभागी होता. त्याने घसरण जवळजवळ काढून टाकली, कंप कमी केला आणि प्रत्येक स्वर सुटा, नेमका, ट्रम्पेटच्या तोडीने वाजवला. फुलर त्याच वळणाचा वादक आहे. डेट्रॉइटमध्ये अनाथाश्रमात वाढलेल्या या मुलाने जॉन्सनला प्रत्यक्ष वाजवताना ऐकले आणि ट्रॉम्बोन हाती घेतला. म्हणून त्याच्या सोलोत मींड शोधू नये. जिथे एखादा स्वर खालून उचलल्यासारखा येतो तिथे तो मुद्दाम, एखाद्या शब्दावर जोर द्यावा तसा, दिलेला असतो.

यातून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येता येते. जॉन्सन आधी की फुलर आधी? ज्याची जीभ आणि हात अजून एकत्र पडत नाहीत त्याने जॉन्सनपासून सुरुवात करावी आणि तीही त्याच्या मध्यम लयीतल्या ब्लूजपासून. ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिसबरोबर 29 एप्रिल 1954 रोजी रेकॉर्ड केलेली ‘वॉकिन’ यासाठी उत्तम आहे. एफमधली ब्लूज आहे, लय चालण्याची आहे आणि प्रत्येक वाक्य बोलल्यासारखे स्पष्ट आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट म्हणजे त्या सुमारास जॉन्सन चरितार्थासाठी एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे तपासण्याची नोकरी करत होता आणि तरीही त्या सोलोत एक स्वरही सैल नाही. जॉन्सनची वाक्यरचना इतकी तर्कशुद्ध आहे की ती लिहून काढली तर अभ्यासपाठच होतो. फुलर तसा नाही. त्याच्यात जोखीम अधिक आहे आणि आवाजात माणूस अधिक जवळ जाणवतो. पण नवशिक्याने त्याची नक्कल केली तर त्याच्या मोकळ्या जागा या केवळ रिकाम्या जागा होतात. तेव्हा क्रम जॉन्सन, मग फुलर, असाच ठेवावा. आणि फुलर सुरू करताना ‘मोमेंट्स नोटिस’ नव्हे, तर सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सनबरोबरच्या 1959 च्या ‘ब्लूज-एट’ या अल्बममधील ‘फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क’ घ्यावी. तिथे त्याचा आवाज आणि उच्चार निवांत ऐकता येतो.

‘मोमेंट्स नोटिस’ बसवायलाच घेतली असेल तर पद्धतीबद्दल थोडे सांगतो. सोलो ऐकून लिहून काढण्याची घाई करू नये. आधी तो गाता आला पाहिजे, निदान वाक्यांची सुरुवात, शेवट आणि मधले विराम तरी. ट्रॉम्बोनवर स्वर घडण्याआधी तो कानात असावाच लागतो, कारण चुकीच्या उंचीचा स्वर वाजवण्यापासून वाचवणारी एकही कळ इथे नाही. दुसऱ्या पायरीला लिहिलेल्या स्वरांखाली पोझिशनचे आकडे लिहावेत आणि प्रत्येक वाक्यासाठी किमान दोन वाटा तपासाव्यात. उदाहरणार्थ सी, डी, ई फ्लॅट असा क्रम आला तर सवयीने तीन-एक-तीन असा हात जातो. पण डी चौथ्या पोझिशनलाही मिळतो आणि तीन-चार-तीन ही वाट निम्म्या अंतराची आहे. शिवाय पहिल्या पोझिशनचा डी थोडा उतरलेला असतो, चौथ्याचा जवळजवळ सुरात असतो. अशा दहा-बारा ठिकाणी वाट बदलली की जो वेग अशक्य वाटत होता तो हाताच्या टप्प्यात येतो. जोर लावून स्लाइड झटकणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज प्रत्येक झटक्याला हादरतो. मनगट सैल ठेवून, दोन बोटे आणि अंगठ्याने नळी धरणे हाच त्यावरचा उपाय आहे.

जिभेसाठी ‘ता’ऐवजी ‘दा’ हा उच्चार वापरावा आणि स्वर तोडण्याचे काम शक्य तिथे हवेवर व ओठांवर सोपवावे. काही वादक अतिशय जलद ओळींसाठी ‘डूडल’ अशा दुहेरी उच्चाराची पद्धत वापरतात आणि ट्रॉम्बोनवादक कार्ल फॉन्टाना तिच्यासाठी विशेष ओळखला जातो; ती उपयोगी आहे, पण या सोलोसाठी तिची गरज नाही. इथे मऊ एकेरी जीभ पुरते. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर लावून, मूळ लयीच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि पहिल्या चार बारांचे कॉर्ड सोलोशिवाय, केवळ वर सांगितलेल्या आकारांनी, न थांबता फिरवता आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच सत्रातले ‘मोमेंट्स नोटिस’चे न वापरलेले रेकॉर्डिंग 2022 मध्ये ब्लू नोटने बाहेर काढले आहे. तेही जरूर ऐकावे, पण प्रसिद्ध झालेला सोलो पाठ झाल्यानंतरच. तेव्हाच कळेल की फुलरच्या कोणत्या जागा ठरलेल्या होत्या, कोणत्या त्या क्षणी सुचल्या आणि बी फ्लॅट सेव्हनवर तो प्रत्येक वेळी काय करतो.